परका फौजदार, ओळखीचं गाव



टीव्हीवरची गुन्हेगारी मालिका हा विषय व्याख्यानासाठी हलका आहे, असं कुणाला वाटलं तर नवल नाही. मला तो तसा वाटत नाही. रात्रीची जेवणं उरकल्यावर घरातल्या तीन पिढ्या एकत्र बसून जे बघतात, त्यातून कायद्याकडे, पोलिसाकडे आणि आपल्या शेजाऱ्याकडे बघण्याची नजर तयार होत असते. त्यातला एक कथाप्रकार मला फार महत्त्वाचा वाटतो. बाहेरचा पोलीस अधिकारी एखाद्या लहान गावात बदलून येतो. त्याला गाव कळत नाही, गावाला तो कळत नाही, त्यातून हसू येणारे प्रसंग घडतात आणि त्याच प्रसंगांच्या आडून एखादा खून उलगडत जातो. बीबीसीच्या ‘डेथ इन पॅरडाइज’मध्ये २०११ पासून एकामागून एक ब्रिटिश अधिकारी एका काल्पनिक कॅरिबियन बेटावर हजर होत आहेत. ऑस्ट्रेलियातल्या ‘डेडलॉख’मध्ये डार्विनहून आलेली एक आडदांड अधिकारी टास्मानियातल्या लहानशा गावात तपासाला उतरते. आपल्याकडे याच जातीची सामग्री ‘देवमाणूस’मध्ये होती. आज मला मांडायचं आहे ते असं: या प्रकारातला विनोद मुळातच तपासाचा भाग असतो. लहान गाव आपलं गुपित गप्प बसून लपवत नाही, बोलून लपवतं. थट्टा, म्हण, टोमणा आणि पारावरच्या गप्पा यांच्या गर्दीत ते गुपित सुखरूप राहतं. परक्या अधिकाऱ्याची परीक्षा हे बोलणं ऐकता येतं की नाही, इथं होते. मराठी मालिकेच्या हाती हे सगळं आलं होतं, आणि तिनं ते अर्ध्यावर सोडलं.

हा परका अधिकारी येतो कुठून, हे आधी पाहायला हवं, कारण त्याची वाट याच नाशिक शहरातून जाते. १९०६ साली पुण्याजवळ भांबुर्ड्याला सुरू झालेली पोलीस प्रशिक्षण संस्था १९०९ मध्ये नाशिकला आली. तीच आजची त्र्यंबक रस्त्यावरची महाराष्ट्र पोलीस अकादमी. राज्यभरातून निवडलेले उपनिरीक्षक इथं घडतात आणि बहुतेक वेळा अशा ठाण्यांत रुजू होतात, जिथं त्यांच्या ओळखीचं कुणी नसतं. ही रचना जाणूनबुजून केलेली आहे. प्रकाश सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २००६ मध्ये निर्देश दिले. त्यानंतर महाराष्ट्रानं २०१४ मध्ये आपल्या पोलीस कायद्यात दुरुस्ती केली. त्यानुसार उपनिरीक्षकापासून निरीक्षकापर्यंतच्या अधिकाऱ्याचा सर्वसाधारण कार्यकाळ एका ठाण्यात दोन वर्षं आणि जिल्ह्यात चार वर्षं आहे. शिपाई-हवालदारांना एका ठिकाणी पाच वर्षं मिळतात आणि त्यांची भरतीही जिल्हावार होते. म्हणजे साहेब बाहेरचे आणि ठाणं तिथलं. त्याच्याही पलीकडे गावात पोलीस पाटील असतो. वतनाची पाटीलकी १९६३ पासून संपली आणि १९६७ च्या ग्रामपोलीस कायद्यानं मानधनावरचा पोलीस पाटील आला. तो त्याच गावचा रहिवासी असतो. कुणाच्या बांधावरून कुणाचं भांडण आहे, कुणाची सून माहेरी का गेली, कुणाच्या हातात अचानक पैसा कुठून खुळखुळायला लागला, हे त्याला पाठ असतं, पण तपास त्याच्या हाती नसतो. आपल्या व्यवस्थेनं अधिकार एकाला दिला आणि माहिती दुसऱ्याकडे ठेवली. या दोघांमधल्या अंतरातून नाट्य जन्माला येतं, आणि विनोदही तिथूनच येतो.

मराठी रंगभूमीला हे अंतर टीव्हीच्या फार आधी दिसलं होतं. परक्या कोतवालाची आपल्याकडची सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे ‘घाशीराम कोतवाल’. घाशीराम सावळदास औरंगाबादकडचा, १७७७ मध्ये पुण्याचा कोतवाल झाला. १७९१ च्या ऑगस्टअखेर, कोंडून ठेवलेल्या तेलंग ब्राह्मणांचा गुदमरून मृत्यू झाल्यावर, चिडलेल्या जमावानं त्याला दगडांनी ठेचून मारलं. नाटककार विजय तेंडुलकरांनी त्याला कनोजचा केला, आणि १६ डिसेंबर १९७२ ला पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात जब्बार पटेलांच्या दिग्दर्शनाखाली तो रंगमंचावर आला. नाटकाच्या राजकीय अर्थावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. मला आज त्यातली फक्त रचना दाखवायची आहे. प्रयोगात बारा-तेरा जणांची एक रांग असते. ती डोलते, गाते, टाळ्या पिटते आणि गरज पडली की भिंत होऊन उभी राहते. भिंतीच्या मागं काय चाललंय हे प्रेक्षकाला दिसत नाही. भिंत पाठ फिरवते, सरकते, फुटते, तेव्हाच कळतं. ही रांग म्हणजे ते शहर. ते सतत बोलतं आहे, विनोद करतं आहे, अभंगातून लावणीत आणि लावणीतून अभंगात जातं आहे, आणि त्या सगळ्या आवाजाआड रात्रीचे व्यवहार सुरळीत चालले आहेत. घाशीराम क्रूर आहे, यात शंका नाही. पण तो मारला जातो तेव्हा शहराचा हिशेब मिटतो, कारण सगळं पाप त्या एका बाहेरच्या माणसाच्या अंगावर घालता येतं. नाना फडणवीसांच्या हवेलीला धक्का लागत नाही. परक्या अधिकाऱ्याचा गावाला होणारा हा पहिला उपयोग: तो गेला की आपण स्वच्छ झालो, असं मानता येतं.

दुसरा उपयोग पु. ल. देशपांड्यांच्या ‘अंमलदार’मध्ये दिसतो. गोगोलचं मूळ नाटक १८३६ मधलं, रशियातल्या एका आडगावचं. तिथं येणारा माणूस अधिकारी नाहीच. गाव त्याला अधिकारी समजतं आणि घाबरून स्वतःच्या सगळ्या भानगडी त्याच्यासमोर मांडून बसतं. त्याला एक प्रश्नही विचारावा लागत नाही. पु. लं.नी हे मराठी मातीत आणलं तेव्हा प्रेक्षक पोट धरून हसले, आणि ते हसणं योग्य ठिकाणी लागलेलं होतं, कारण हसू येत होतं ते गावाच्या भीतीचं. बाहेरच्या माणसाच्या नुसत्या हजेरीनं गाव बोलायला लागतं आणि बोलताना स्वतःविरुद्ध साक्ष देतं. अधिकाऱ्याला ऐकायला येत असेल, तर अर्धा तपास तिथंच होतो. मराठी नाटकाला हे माहीत होतं, म्हणून मला टीव्हीकडून अपेक्षा आहे.

टीव्हीनं सुरुवात मात्र महानगरापासून केली. दूरदर्शनच्या मुंबई केंद्रावर बी. पी. सिंग यांची ‘एक शून्य शून्य’ आली, त्यात शिवाजी साटम होते. पुढं याच जोडीनं १९९८ मध्ये हिंदीत ‘सीआयडी’ सुरू केलं आणि ते वीस वर्षं चाललं. या मालिकांचं मोल मी कमी लेखत नाही. पंचनामा, प्रयोगशाळेचा अहवाल, जबाबातली विसंगती या गोष्टी घराघरांत पोचल्या त्या यांच्यामुळे. पण त्यांत गुन्हा हे कोडं असतं आणि जागा ही पार्श्वभूमी. पोलिसांची गाडी येते, कोडं सुटतं, गाडी परत जाते. तिथले लोक पोलिसांशी बोलतात ते माहिती देण्यापुरतं; आपापसात काय बोलतात हे ऐकायला कथेला वेळ नसतो.

तो वेळ पहिल्यांदा मिळाला झी मराठीवरच्या ‘देवमाणूस’ला. ३१ ऑगस्ट २०२० ला ही मालिका सुरू झाली. टाळेबंदीनं माणसं घरात अडकलेली, डॉक्टर या शब्दाभोवती भीती आणि श्रद्धा दोन्ही दाटलेल्या, आणि अशा वेळी पडद्यावर एक गोड बोलणारा, गरिबांकडून पैसे न घेणारा डॉक्टर आला, जो डॉक्टरही नव्हता आणि देवमाणूसही नव्हता. किरण गायकवाड यांनी तो फार संयमानं उभा केला. तो भाडेकरू म्हणून राहतो त्याच वाड्यात सरू आजी आहे, डिंपल आहे, टोण्या आहे, चहा आहे, भांडणं आहेत, आणि सरू आजीच्या तोंडी प्रत्येक प्रसंगाला एक अस्सल, चावट म्हण आहे. महाराष्ट्रानं या म्हणींवर जीव टाकला. मालिकेचं बळ इथं होतं: हशा आणि खून एका छताखाली होते. आजी जे बोलते त्यातलं निम्मं अचूक असतं आणि कुणी मनावर घेत नाही, कारण म्हातारी काहीतरी बोलतच असते. मग नेहा खान यांनी साकारलेली एसीपी दिव्या सिंग गावात येते. नावापासून भाषेपर्यंत परकी, कर्तबगार, संशयी. इथं ही मालिका फार मोठी होऊ शकली असती. दिव्याला वाड्याच्या ओट्यावर बसवून त्या म्हणी ऐकायला लावायला हवं होतं. त्याऐवजी विनोद वाड्यात राहिला आणि तपास चौकीत. आजी एका मालिकेत होती आणि एसीपी दुसऱ्या. दोघींची गाठ पडली तरी ती कथेच्या सोयीपुरती पडली. परक्या बाईनं गावाच्या हसण्यातून सत्याचा धागा उचलावा, हा प्रसंग लिहिला गेला नाही. २०२१ च्या डिसेंबरात आलेल्या दुसऱ्या पर्वात मिलिंद शिंदे यांचा मार्तंड जामकर आला. त्यांनी पोलिसालाच एक विक्षिप्त, खेळकर ढंग दिला आणि ते पाऊल योग्य दिशेचं होतं, कारण विनोद प्रथमच चौकीच्या आत शिरला. तरी गावाच्या हसण्याला पुरावा मानण्याचा टप्पा दूरच राहिला.

हा टप्पा इतका महत्त्वाचा का, याचं उत्तर मालिकेमागच्या वास्तवात आहे. ऑगस्ट २०१६ मध्ये सातारा जिल्ह्यात वाईजवळच्या धोममध्ये एका अंगणवाडी कार्यकर्तीच्या बेपत्ता होण्याचा तपास करताना पुरलेले मृतदेह सापडले. डॉक्टर म्हणून वावरणाऱ्या एका माणसावर २००३ पासूनच्या सहा हत्यांचा आरोप आहे, आणि त्या सहांत पाच स्त्रिया आहेत. आरोपीचं काय व्हावं हा न्यायालयाचा विषय आहे आणि मी त्याबद्दल बोलणार नाही. मला त्या तेरा वर्षांबद्दल बोलायचं आहे. लहान गावात माणूस नाहीसा होतो तेव्हा काय होतं, हे आपल्यापैकी प्रत्येकाला ठाऊक आहे. ठाण्यात मिसिंगची नोंद होते, वर्णन लिहिलं जातं: उंची, बांधा, रंग, अंगावरचं लुगडं की साडी, भाषा कोणती बोलते. आणि ठाण्याबाहेर गाव आपली नोंद करतं. बाई हरवली असेल तर त्या नोंदीत हमखास एक हसू असतं. गेली असेल कुणाचा तरी हात धरून. येईल पैसे संपले की. त्या हसण्यानं शोध तिथंच थांबतो. घरच्यांना लाज वाटते, ते पुन्हा चौकशीला जात नाहीत, आणि बीट अंमलदारही त्याच तालुक्यातला असला तर ते हसू त्याच्याही कानावर आलेलं असतं. एखाद्या खुन्याला याहून चांगली साथ मिळू शकत नाही. म्हणून गावाच्या थट्टेला मी तपासाचा विषय म्हणतो. या हसण्यात सामील नसलेला, त्याला न हसणारा माणूस ठाण्यात बसलेला असणं ही कथेची आणि समाजाची, दोघांची गरज आहे. सगळे हसत असताना एकटी बाहेरची बाई विचारते, यात हसण्यासारखं काय आहे? या एका प्रश्नावर अख्खं पर्व उभं राहू शकतं.

यावर पहिला आक्षेप असा येईल की हे सगळं स्थानिक माणसाला जास्त चांगलं जमेल. पोलीस पाटलाला, जुन्या हवालदाराला गावाची भाषा शिकावी लागत नाही. हे खरं आहे आणि अपुरं आहे. पंचनाम्याचंच उदाहरण घ्या. दोन पंच बोलावले जातात. त्यांची नावं, वय, धंदा, राहणार कुठले हे लिहिलं जातं, मग जागेच्या चतुःसीमा: पूर्वेला अमक्याचं शेत, पश्चिमेला तमक्याची विहीर. जो अमका सीमेवर आहे तो पंचाचा चुलता असतो, आणि जो तमका आहे त्याच्याशी पाण्याच्या पाळीवरून वाद चालू असतो. कागदावर ती फक्त चतुःसीमा दिसते. स्थानिक हवालदार ती वाचतानाच पुढचं सगळं ओळखतो: हा पंच कोर्टात टिकणार नाही, फितूर होणार. पण ते साहेबांना सांगायचं की नाही, हे तो आपल्या पुढच्या तीन वर्षांच्या मुक्कामाकडे बघून ठरवतो. त्याची माहिती खोटी नसते, ती मोकळी नसते. बाहेरच्या अधिकाऱ्याकडे मोकळीक असते आणि माहिती नसते. म्हणूनच या प्रकारातल्या चांगल्या मालिका नेहमी जोडीवर उभ्या असतात. ‘डेडलॉख’मध्ये गावची शांत अधिकारी आणि बाहेरून आलेली बेधडक अधिकारी, दोघींपैकी एकीला वगळलं तर तपास कोसळतो. मराठीत हा हवालदार अजून विनोदी पोटपात्रच आहे. ढेरी, चहा, सलाम. त्याला माहितीचा आणि भीतीचा वारसदार म्हणून लिहिलं, तर तोच मालिकेतला सगळ्यात गुंतागुंतीचा माणूस ठरेल. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेनं झडती आणि जप्तीचं चित्रीकरण बंधनकारक केलं आहे. पंचांच्या चेहऱ्यावरचं अवघडलेपण आता मोबाइलमध्ये नोंदलं जाणार, ही लेखकाच्या दृष्टीनं किती मोठी गोष्ट आहे!

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो मला टाळायचा नाही. बाहेरच्या नजरेचं कौतुक करताना त्या नजरेनं काय केलं हे विसरून चालणार नाही. १८७१ च्या कायद्यानं ब्रिटिश सरकारनं अख्ख्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवलं. स्वतंत्र भारतात १९५२ मध्ये तो कायदा गेला, पण ठाण्यांमधला संशय गेला नाही. फिरस्त्या माणसांना आधी उचलायचं आणि मग विचारायचं, ही सवय बाहेरून आलेल्या अधिकाऱ्यांनीही जोपासली आणि गावानंही. गावाला बाहेरच्यांची भीती वाटते ती नेमकी दुबळ्या बाहेरच्यांची. १ जुलै २०१८ ला आपल्या शेजारच्या धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात, मुलं पळवणारे समजून जमावानं नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना ठार मारलं. मंगळवेढ्याकडून पोटासाठी आलेली माणसं होती ती. मोबाइलवरची एक अफवा पुरेशी झाली. ‘देवमाणूस’मधली गोष्ट या घटनेच्या शेजारी ठेवा: तिथंही बाहेरून आलेला एक माणूस आहे, पण त्याच्या गळ्यात स्टेथोस्कोप आहे, आणि पुरावे समोर येऊ लागल्यावरही गावातले अनेक जण त्याच्या बाजूनं बोलतात. परकेपणा सगळ्यांचा सारखा मोजला जात नाही. ज्या मालिकेत वर्दीतला बाहेरचा माणूस आहे, तिच्यात झोळीतला बाहेरचा माणूसही असायला हवा, आणि पहिल्यानं दुसऱ्याकडे कसं पाहिलं यावर पहिल्याची किंमत ठरायला हवी. ऐकण्याची परीक्षा मी म्हणालो, तिचा सगळ्यात कठीण पेपर हा आहे.

आणि नुसतं ऐकू येणं पुरेसं असतं का? नाशिकला हा प्रश्न विचारताना १९०९ चं साल आठवल्याशिवाय राहत नाही. पोलीस शाळा या गावी आली त्याच वर्षी, २१ डिसेंबरला, विजयानंद थिएटरात ‘शारदा’च्या प्रयोगाला आलेल्या कलेक्टर जॅक्सनवर अनंत कान्हेरे यांनी गोळ्या झाडल्या. जॅक्सन संस्कृतचा अभ्यासक होता, लोक त्याला पंडित म्हणत, त्याची बदली झाली होती आणि तो निरोपाचा प्रयोग होता. गावाची भाषा, गावाचं नाटक, सगळं त्याला येत होतं. तरी त्याच्या अधिकाराचं मूळ गावाबाहेर, समुद्रापार होतं, आणि त्याच अधिकारातून बाबाराव सावरकरांवरचा खटला उभा राहिला होता. म्हणजे परक्या अधिकाऱ्याला गाव समजलं तरी तो अधिकार कुणाचा आहे हा प्रश्न उरतोच. आजच्या फौजदार बाईबाबत त्याचं उत्तर वेगळं आहे. तिच्या हातातला कायदा गावानंच मतदान करून निवडलेल्या माणसांनी केलेला आहे. गाव तिला परकी म्हणतं तेव्हा बहुधा स्वतःच्याच कायद्याला परकं म्हणत असतं. ही गोष्ट ‘सिंघम’सारख्या चित्रपटांनी पुसून टाकली, कारण तिथं नायक कायदा बाजूला ठेवतो आणि प्रेक्षक टाळ्या वाजवतात. नियम मोडणं नेहमीच असं नसतं. आपल्या गोदाकाठचं पटांगण ज्यांच्या नावानं ओळखलं जातं, ते यशवंतराव भोसेकरही मूळचे बाहेरचेच. सटाण्याला मामलेदार असताना १८७०-७१ च्या दुष्काळात त्यांनी सरकारी खजिना उपाशी लोकांसाठी खुला केला आणि लोकांनी त्यांना देव केलं. भुकेल्यांसाठी मोडलेला नियम आणि पडद्यावर हाताची हौस भागवण्यासाठी मोडलेला नियम, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. मालिकेनं तो फरक प्रेक्षकाला दाखवायला हवा.

खुनासारख्या गोष्टीत विनोद आणणं असंवेदनशील आहे, असंही म्हटलं जातं. हसू मेलेल्या माणसाकडे रोखलं असेल तर तो आक्षेप मला मान्य आहे. ज्या हसण्यानं एखादी हरवलेली बाई विसरली गेली, ते हसणं प्रेक्षकाच्या कानावर पाडून त्याला त्याची शरम वाटायला लावता येते, आणि हे काम गंभीर संवादांनी होत नाही.

खरी अडचण मालिकेच्या व्यवहारात आहे. रोज रात्री साधारण वीस-बावीस मिनिटं, आठवड्याचे सहा दिवस, आणि दर आठवड्याला रेटिंगचा आकडा. खुनी पकडला गेला की मालिका संपते, म्हणून तो पकडला जाता कामा नये, आणि तो पकडला जाऊ नये म्हणून कर्तबगार अधिकाऱ्याला महिनोन्‌महिने चुकत राहावं लागतं. दिव्या सिंगचं पात्र या हिशेबाखाली दबलं, अभिनेत्रीचा त्यात दोष नाही. यावर तोड आहे. खुनी एकच ठेवू नका, गाव एकच ठेवा. दर पंधरवड्याला नवी तक्रार आणि तेच ओटे, तोच हवालदार, तीच सरू आजी. माणसं साठत जातील आणि गुन्हे येत-जात राहतील. आणि सगळे गुन्हे खुनाचे कशाला हवेत? निफाड-दिंडोरीकडे द्राक्षाच्या हंगामात दरवर्षी तक्रारी होतात. बाहेरचा व्यापारी स्थानिक मध्यस्थ धरून येतो, पहिल्या गाड्यांचे पैसे चोख देतो, विश्वास बसला की उधारीवर माल उचलतो, आणि एके दिवशी त्याचा फोन लागत नाही. २०२०-२१ मध्ये नाशिक परिक्षेत्र पोलिसांना अशा फसवणुकीविरुद्ध मोहीमच उघडावी लागली होती. आता गावाचं ऐका. ज्याची बाग बुडाली त्याच्याबद्दल पारावर म्हणतात, त्याला व्यापाऱ्यानं टोपी घातली. सगळे हसतात. तो शेतकरी तक्रार द्यायला जात नाही, कारण तक्रार दिली की टोपी घातल्याचं कागदावर येतं. मध्यस्थ गावातच असतो, जत्रेत वर्गणी देतो, त्याच पारावर बसून त्याच विनोदाला हसतो. त्याचं हसणं इतरांपेक्षा क्षणभर आधी सुरू होतं, हे नव्यानं आलेल्या फौजदार बाईच्या लक्षात येतं. खून नाही, पाठलाग नाही, आणि तरी या एका क्षणात तपास सुरू होतो. मालेगावच्या हौशी मंडळींनी, शेख नासिर आणि त्यांच्या सोबत्यांनी, २००० च्या सुमारास हाती येईल त्या कॅमेऱ्यानं ‘मालेगाव के शोले’ केला तेव्हा या जिल्ह्यातल्या एका गावानं स्वतःवर स्वतःच्या भाषेत हसून दाखवलं होतं. ती धिटाई आपल्या मराठी लेखकांनी घ्यायला हरकत नाही.

अशा मालिकेचा शेवट कसा व्हावा, याचं उत्तर कायद्यानंच देऊन ठेवलं आहे. दोन वर्षांनी बदलीचा आदेश येतो. काही प्रकरणं न्यायालयात पोचलेली असतात, काहींत साक्षीदार फितूर झालेले असतात, एखादी मिसिंग तशीच उघडी असते. अधिकारी कार्यभार सोपवून जाते. गावाला आता तिच्याशिवाय राहायचं आहे, पण या दोन वर्षांत जे बोलून झालं ते मागं घेता येत नाही. मध्यस्थाला पारावर तीच जागा पुन्हा मिळणं अवघड झालेलं असतं, आणि हरवलेल्या बाईच्या घरच्यांनी तिचा फोटो घेऊन पुन्हा ठाण्याची पायरी चढायला सुरुवात केलेली असते. पुढच्या भागात नवा साहेब रुजू होईल, आणि त्याला आपण काय सांगायचं, हे या वेळी गावातल्या प्रत्येकाला ठरवावं लागेल.